‘पेशी कमी झाल्यात’ म्हणजे नक्की कोणत्या? रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकू

या भागाचं हे लेखी रूप. गंगाखेड-परळीच्या मधे रेंज जाते म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी खास. बोललो तसंच लिहिलंय, फक्त ‘म्हणजे, म्हणजे’ थोडे कमी केलेत.

आजचा विषय रक्त. आपल्याकडे, म्हणजे परभणी जिल्ह्यात कुठल्याही घरात, रक्ताबद्दल तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘तिच्या अंगात रक्तच नाही.’ दुसरं, ‘त्याच्या पेशी कमी झाल्यात.’ तिसरं, ‘मला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.’ तिन्ही वाक्यं ऐकून आपण मान डोलावतो. पण ही तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत आणि तिन्हींतले शब्द थोडे फसवे आहेत. शब्द फसवा असला की उपचारही भलत्याच गोष्टीवर होतो. म्हणून आज शब्द नीट लावून घेऊ.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर लॉग वाचणं हा माझा धंदा. सीबीसीचा रिपोर्ट हा मला शरीराचा लॉगच वाटतो. लॉग वाचता आला म्हणजे बग दुरुस्त करता येतो असं नाही, पण जो दुरुस्त करणार आहे त्याला नीट प्रश्न विचारता येतात. तेवढंच आजचं ध्येय.

तुमच्या व्हॉट्सॲपवर घरातल्या कुणाचा तरी लॅबचा पीडीएफ पडलेला असेलच. तो उघडून ठेवा आणि ऐका. म्हणजे, वाचा.

जांभळ्या टोपणाची नळी

सीबीसी म्हणजे कम्प्लीट ब्लड काउंट, रक्तातल्या पेशींची मोजदाद. यासाठी रक्त घेतात ती नळी बहुतेक वेळा जांभळ्या टोपणाची असते. तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. पेशी मोजायच्या तर त्या सुट्या राहिल्या पाहिजेत ना.

ही नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की रक्ताचे थर पडतात. वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ, मधे एक पातळ पांढरट पट्टी. वरचं पाणी म्हणजे प्लाझ्मा, मराठीत रक्तद्रव. हा साधारण ५५ टक्के. खालचा लाल गाळ म्हणजे तांबड्या पेशी. मधली पांढरट पट्टी म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त ५ लीटरच्या आसपास असतं.

पेपरात ‘रक्तजल नमुने तपासणीसाठी पाठवले’ असं वाचता ना? रक्तजल म्हणजे सीरम. रक्त गोठू दिलं आणि गुठळी बाजूला काढली की जे पाणी उरतं ते सीरम. प्लाझ्मातून रक्त गोठवणारी प्रथिनं वजा केली की सीरम, एवढा सोपा हिशोब.

लाल गाळ नळीच्या किती टक्के आहे, त्या आकड्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. रिपोर्टवर एचसीटी किंवा पीसीव्ही असं लिहिलेलं असतं. हा शब्द लक्षात ठेवा, डेंग्यूच्या वेळी लागणार आहे.

शब्द तोडायला शिका

डॉक्टरी शब्द लांबलचक असतात म्हणून घाबरायला होतं. पण ते आपल्या कोडमधल्या व्हेरिएबलच्या नावांसारखे आहेत, तुकडे जोडून बनवलेले. बहुतेक तुकडे ग्रीक भाषेतले. सात-आठ तुकडे पाठ केले की अर्धा रिपोर्ट वाचता येतो.

‘हीम’ किंवा ‘हिमो’ म्हणजे रक्त. ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल. ‘ल्युको’ म्हणजे पांढरा. ‘थ्रॉम्बो’ म्हणजे गुठळी. ‘साइट’ म्हणजे पेशी. शेवटी ‘पेनिया’ आलं तर कमतरता, ‘सायटोसिस’ आलं तर पेशींची वाढ. शेवटी ‘एमिया’ आलं तर रक्तातली एखादी अवस्था.

आता जोडा. एरिथ्रोसाइट म्हणजे लाल पेशी. ल्युकोसाइट म्हणजे पांढरी पेशी. थ्रॉम्बोसाइट म्हणजे गुठळी करणारी पेशी, अर्थात प्लेटलेट. ल्युकोपेनिया म्हणजे पांढऱ्या पेशी कमी. थ्रॉम्बोसायटोपेनिया, हा भलामोठा शब्द, म्हणजे फक्त ‘प्लेटलेट कमी’. ल्युकोसायटोसिस म्हणजे पांढऱ्या पेशी जास्त. ॲनिमियातला ‘अन’ आपल्या ‘अनाठायी’तल्या ‘अन’सारखा, नकार देणारा. म्हणजे शब्दशः ‘रक्त नसणं’. गंमत बघा, ‘अंगात रक्तच नाही’ हे आपल्या आजीचं वाक्य आणि तो ग्रीक शब्द एकच बोलतात. पुस्तकी मराठीत ॲनिमियाला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात.

ल्युकेमिया म्हणजे शब्दशः ‘पांढरं रक्त’. हा रक्ताचा कॅन्सर. पण ल्युकोसायटोसिस आणि ल्युकेमिया या दोन शब्दांची सुरुवात सारखी म्हणून घाबरू नका. साधा घसा पिकला, गळू झालं तरी पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर जातात. सैन्य बोलावलंय, एवढाच त्याचा अर्थ. बरं वाटल्यावरही आकडा उतरत नसेल, फारच वर असेल किंवा रिपोर्टवर ‘ब्लास्ट’ हा शब्द दिसला तर मात्र उशीर न करता डॉक्टरांना दाखवायचं.

‘पेशी कमी झाल्यात’

पावसाळा संपत आला की आपल्याकडे हे वाक्य सुरू होतं. ‘पोराला डेंग्यू झालाय, पांढऱ्या पेशी कमी सांगायलेत.’ दहातल्या आठ वेळा बोलणाऱ्याला म्हणायचं असतं प्लेटलेट आणि तोंडातून येतं पांढऱ्या पेशी.

या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, त्या साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. प्लेटलेट जखमेवर पॅच लावतात, त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. दोन्ही आकडे एक मायक्रोलीटर रक्तातले, म्हणजे एका थेंबाचाही छोटासा अंश. डेंग्यूत दोन्ही कमी होऊ शकतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. फोनवर कुणी ‘पेशी चार हजार’ म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच, कोणत्या? पांढऱ्या चार हजार असतील तर डेंग्यूत ते नेहमीचंच. प्लेटलेट चार हजार असतील तर गाडी काढा.

प्लेटलेट ८०-९० हजारांवर आल्या की घरात रडारड सुरू होते आणि ‘पेशींची पिशवी’ शोधायला लोक नांदेड-संभाजीनगरला फोन लावतात. पण रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून चढवायची सहसा गरज नसते. ते डॉक्टर ठरवतात. डेंग्यूचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा बाहेर झिरपायला लागतो. पाणी गेलं आणि गाळ उरला, म्हणजे रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट चढतं. म्हणून रिपोर्टवर प्लेटलेट उतरताना दिसत असतील तर शेजारी हिमॅटोक्रिट चढतंय का, हेही बघायचं.

आणि हे बहुतेक वेळा ताप उतरायच्या सुमारास होतं. घरचे म्हणतात, ताप गेला, बरं झालं. नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार बेचैनी किंवा सुस्ती दिसली तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन, आयब्रुफेन अशा गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

‘अंगात रक्त नाही’

आता सगळ्यात मोठा विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्या घरात दोन बायका असतील तर हिशोब तुम्हीच करा.

अंगात रक्त नाही म्हणजे रक्ताचे लीटर कमी झाले असं नाही. कमी झालेलं असतं हिमोग्लोबिन. लाल पेशीत भरलेलं हे प्रथिन फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. एका हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे चार अणू असतात आणि प्राणवायू त्या लोहालाच चिकटतो. लोह नाही तर डिलिव्हरी नाही.

बाईचं एचबी १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचं. ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ. गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली किंवा गरोदर बाईचं ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र ॲनिमिया.

आता माझ्या घरातली गोष्ट. सोनपेठ तालुक्यातली माझी मावशी. जिना चढला की धाप, सारखं डोकं दुखायचं, आणि खडू खावासा वाटायचा. एका दवाखान्यात तिला ‘अशक्तपणा’ सांगितला आणि तीन महिने, दर पंधरा दिवसांनी, पिवळं सलाईन लावलं. लावलं की दोन दिवस तरतरी, परत तेच. रिपोर्ट एकदाही काढला नाही. तिने स्वतःहून सांगितलंही नाही की पाळी आठ-आठ दिवस चालते. ‘त्यात काय सांगायचं?’ शेवटी माझ्या बहिणीने हट्टाने सीबीसी करायला लावलं. एचबी ६.९.

पिवळं सलाईन म्हणजे मिठाच्या किंवा साखरेच्या पाण्यात मिसळलेली जीवनसत्त्वं. त्यात लोह नसतं. साधं सलाईन म्हणजे एक लीटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. त्याने रक्त वाढत नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईनची किंमत सोन्यासारखी, पण ॲनिमियावर ते औषध नाही. लोहाचं इंजेक्शन शिरेतून देतात ते गडद तपकिरी दिसतं, ते वेगळं आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

एचबीच्या खालची ओळ

मावशीच्या रिपोर्टवर सगळ्यांनी एचबी बघितलं. पण खरी माहिती त्याच्या खाली होती. एमसीव्ही ६४.

एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० फेमटोलीटर असायला पाहिजे. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, त्याला मायक्रोसायटिक म्हणतात. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, त्याला मॅक्रोसायटिक म्हणतात. एचबी सांगतो की काहीतरी बिघडलंय. एमसीव्ही सांगतो की कुठे शोधायचं.

पेशी लहान असतील तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर. माल कमी म्हणून लाडू लहान वळले, तसं. लोह कमी पडायची कारणं तीन: खाण्यात कमी, आतड्यात नीट शोषलं जात नाही, किंवा कुठून तरी रक्त जातंय. पाळीत ८० मिलीलीटरहून जास्त रक्त जाणं हे जास्तच. निरोगी रक्ताच्या एका मिलीलीटरमध्ये साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं, म्हणजे दर महिन्याला ४० मिलीग्रॅमची गळती. टाकीला भोक असताना नुसता नळ चालू ठेवून काय होणार? मावशीचा उपचार दोन्ही बाजूंनी झाला: लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या त्रासासाठी वेगळी तपासणी. खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. त्याला पिका म्हणतात. त्यावर घरात हसू नका, एचबी तपासा.

पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर जास्त सावध व्हायचं. पाळी नाही, मग रक्त जातंय कुठून? मूळव्याध, पोटातला अल्सर, आतड्यातली गाठ, हे शोधावं लागतं. नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही.

मोठ्या पेशींची मुंबईतली गोष्ट

पेशी मोठ्या कधी होतात? फोलेट किंवा बी-१२ कमी पडलं की. पेशीला दोन भाग व्हायला डीएनएची कॉपी काढावी लागते. हे दोन जीवनसत्त्व नसतील तर कॉपी रखडते, पेशी वाढत राहते पण विभागत नाही.

यातल्या फोलेटचा शोध आपल्या मुंबईतून सुरू झाला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा ॲनिमिया व्हायचा आणि त्यात लाल पेशी मोठ्या असायच्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्स बाईंनी त्यांच्या आहाराचा अभ्यास केला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. स्वस्तातला यीस्टचा अर्क, मार्माइट, खायला दिला की रक्त सुधारतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९३१ साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायचे. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान, त्यावरून हे नाव. १० मे २०१९ ला गूगलने त्यांचं डूडल केलं होतं, आठवत असेल.

शाळेत सोमवारी मिळणारी निळी गोळी आठवते का? जिच्या चवीमुळे अर्ध्या वर्गाच्या गोळ्या खिडकीबाहेर जायच्या? त्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. विल्स बाईंचं काम त्या निळ्या गोळीत आहे.

आता एक सापळा. शाकाहारी घरात कधी लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतात. लोहामुळे काही पेशी लहान, बी-१२ मुळे काही मोठ्या. सरासरी काढली की एमसीव्ही एकदम नॉर्मल! आम्ही सॉफ्टवेअरवाले सरासरीवर विश्वास ठेवत नाही, त्याचं कारण हेच. अशा वेळी आरडीडब्ल्यू बघायचा. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो. साधारण १५ च्या वर गेला तर आकार एकसारखे नाहीत.

जगात जर्मनी, भारतात परभणी

ही म्हण आपण उगाच म्हणत नाही, आता एक कारण देतो. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी तयार केली. २०१८ साली ती आली. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेली ही भारतातली पहिली ज्वारी. साध्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलीग्रॅम लोह असतं, हिच्यात ४५ च्या आसपास.

हिशोब करू. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर साध्या ज्वारीतून ६ मिलीग्रॅम, परभणी शक्तीतून ९ मिलीग्रॅम लोह. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लागतं, पुरुषाला १९. म्हणजे नुसत्या भाकरीने भागणार नाही, पण पोट भरताभरता दीडपट लोह मिळतंय हे कमी नाही. सोबत पालेभाजी, डाळ, खात असाल तर मटण-कलेजी, आणि वरून लिंबू पिळा. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहातले घटक लोह अडवतात.

आणि बीट? बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं असं नाही. तो लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, लोहाचा नाही. खा, चांगलं आहे, पण एचबी ७ असताना बीटाच्या भरवशावर राहू नका.

लोह असूनही पेशी लहान

समजा रिपोर्ट असा आहे: एचबी १०.८, एमसीव्ही ६३, आणि लाल पेशींची संख्या ५६ लाख. पेशी लहान, पण संख्या भरपूर. लोह कमी असताना संख्याही सहसा कमी होते. इथे वेगळं काहीतरी आहे.

यासाठी एक सोपा भागाकार आहे, मेंट्झर इंडेक्स. एमसीव्ही भागिले लाल पेशी, दशलक्षांत. ६३ भागिले ५.६ म्हणजे ११.२५. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संशय, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. मावशीचं ६४ भागिले ३.४, म्हणजे १८.८. हा नुसता इशारा आहे, निदान नाही. पक्कं करायला एचपीएलसी नावाची तपासणी लागते.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे हिमोग्लोबिनच्या ‘सोर्स कोड’मधले, म्हणजे जनुकातले दोष. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची साखळी कमी बनते. सिकलसेलमध्ये साखळीतलं एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि प्राणवायू कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. आपल्या राज्यात विदर्भ आणि नंदुरबार भागात हा आजार जास्त आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तर माणूस वाहक, त्याला बहुधा काहीच त्रास नसतो. दोन्ही बिघडल्या तर आजार. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण मोकळं असण्याची २५ टक्के. आणि हे प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही.

आता आपल्याकडचा नाजूक मुद्दा. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकाच आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. कुणाच्या रीतीला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणतो की पत्रिकेसोबत दोघांचे एचपीएलसी रिपोर्टही जुळवा. छत्तीस गुण जुळले आणि दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले, तर पुढे पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायची वेळ येऊ शकते. आधी कळलं तर गरोदरपणात लवकर तपासणी करता येते, निर्णय हातात राहतो. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे. कुणाचं लग्न मोडायला हा शब्द वापरू नका.

ओ दिसतो, पण ओ नाही

रक्तगटाचं एक टोक मुंबईचंच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक नवाच रक्तगट कळवला. आज जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात.

लाल पेशीवर एच नावाचा पाया असतो. त्यावर ए चा तुकडा बसला तर ए गट, बी चा बसला तर बी, दोन्ही बसले तर एबी. काहीच नाही बसलं, नुसता एच राहिला, तर ओ. बॉम्बे गटात पायाच नसतो. साध्या तपासणीत ए दिसत नाही, बी दिसत नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिलं जाऊ शकतं. पण या माणसाच्या प्लाझ्मात एच विरुद्ध प्रतिपिंडं असतात, त्यामुळे त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, जीवावर बेतू शकतं. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणी आणि क्रॉसमॅच करतात. भारतात साधारण १० हजारांत एक असा माणूस सापडतो, असं मानतात. रक्तपेढीने ‘क्रॉसमॅच होईना, थांबा’ म्हटलं तर काउंटरवर भांडू नका. ते आपल्याच माणसाला वाचवायलेत.

‘रक्त पातळ व्हायची गोळी’

राहिलं तिसरं वाक्य. ही गोळी रक्तात पाणी घालत नाही. ती रक्त गोठायची क्रिया मंद करते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिनसारख्या गोळ्या गोठवणाऱ्या प्रथिनांचं काम कमी करतात, त्यासाठी आयएनआर ही तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. म्हणून ‘रक्त आधीच कमी आहे, त्यात पातळ कशाला करता’ असं म्हणून आजोबांनी मनाने गोळी बंद करायची नाही. एचबी आणि गोठणं ही दोन वेगळी खाती आहेत. उलट, दात काढायला गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. हिमोफिलियात गोठवणारं एक प्रथिन जन्मतःच कमी असतं, तिथे प्लेटलेटचा आकडा नॉर्मल असूनही रक्त लवकर थांबत नाही.

जाता जाता एक जोड. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणून एचबीए१सी ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगते. नावात एचबी आहे म्हणून तो हिमोग्लोबिनचा आकडा समजू नका. आणि ॲनिमिया असेल तर हा आकडा चुकीचा येऊ शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता करायचं काय?

पीडीएफ उघडा आणि चार ओळी शोधा: एचबी, एमसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. जुना रिपोर्ट असेल तर शेजारी ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय हे जास्त बोलतं. मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. एचबी कमी आहे, पण कशामुळे? एमसीव्हीवरून काय वाटतं? फेरिटिन, बी-१२ किंवा एचपीएलसी करायची गरज आहे का? फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बँकेतली शिल्लक समजा.

लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, घाबरू नका. पण गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी होत असेल तर लगेच दाखवा. एचबी नॉर्मल झालं तरी गोळ्या सहसा आणखी तीनेक महिने घेतात, शिल्लक भरायला. मावशीने तेवढ्या घेतल्या. आता एचबी ११.८ आहे, खडू सुटलाय, आणि परवा मलाच विचारत होती, ‘तुझा एमसीव्ही किती रे?’

घरातल्या बायकांचं एचबी शेवटचं कधी तपासलं, हे आज जेवताना विचारा. उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं, तर उद्या सकाळी सीबीसी. पुढच्या भागात युरिन रिपोर्ट वाचू. तोवर काळजी घ्या. राम राम!